भागाकाराचं पान

वंदनाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी रायपूरच्या तेलीबांधा भागातल्या ऑफिसात शाळांच्या अहवालाची पानं तपासत होते. तिची मुलगी नेहमीसारखी हिंदीतच बोलली, “मौसी, आई नहीं रही।” बदलीच्या गावी, भाड्याच्या खोलीत तिच्या छातीत दुखू लागलं, आणि गाडी रायपूरला पोचेपर्यंत... महिना उलटून गेला, तरी ते वाक्य मला पुरं करता येत नाही.

ब्राह्मणपारा मोहल्ल्यात आमची घरं शेजारी. ती शेजारच्या जिल्ह्यातल्या एका सरकारी शाळेत मुख्याध्यापिका होती, रोज बसने जायची. त्या जिल्ह्याच्या शाळांचा वार्षिक अहवाल तयार करायचं काम आमच्या ऑफिसकडे आलं, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद तिलाच झाला. त्याआधी अहवाल म्हणजे आकड्यांचे तक्ते. ते जिल्हा शिक्षण कार्यालयातच पडून राहायचे, पालकांच्या हाती कधी येत नसत. आम्ही प्रत्येक शाळेला एक पान दिलं. मुलांना काय येतं, काय येत नाही, शाळेत कशाची उणीव आहे, सगळं सोप्या हिंदीत. तिच्या शाळेत गणिताचा शिक्षकच नव्हता. मी तिला सांभाळून घ्यायला ‘सुधार अपेक्षित है’ एवढंच लिहिलं होतं. ती ऑफिसात आली, खुर्ची ओढून बसली.

“असं काहून लिहून राहिली? आठवीच्या पोट्ट्यांले भागाकार येत नाही. तसंच लिही.”

“ताई, बोट तुझ्याकडेच दाखवतील.”

“दाखवू दे. मले शिक्षक पाहिजे.”

मी तसंच लिहिलं. पान घरोघरी गेलं, पालक ते हातात धरून कार्यालयात जाऊन बसले, आणि इतकी वर्षं अर्ज करून न मिळालेला शिक्षक मिळाला. ताईची बदली मात्र जिल्ह्याच्या पार टोकाला झाली. आमच्या अहवालाची वाहवा झाली, दुसऱ्या जिल्ह्यांची कामं आली. मी बदलीचा विषय काढला की ती तिकडून फोनवर हसायची, “हव, पण पान कोणी वाचलं तर खरं.”

डॉक्टर म्हणाले, रायपुरातही हेच झालं असतं. असेल... पण ते पान लिहिल्याचा मला आजही पश्चात्ताप होत नाही, आणि अपराधी वाटतं ते नेमकं याचंच.

मागच्या आठवड्यात तिच्या जुन्या शाळेत पालकसभेला गेले. नवा अहवाल आला की एका पालकाने उभं राहून तो सगळ्यांना वाचून दाखवायचा, ही पद्धत तिनेच पाडलेली. एक बाई ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचत होती, मुलांना भागाकार येतो, गणिताचे शिक्षक नियमित येतात. मग मुख्याध्यापकांचं नाव आलं. पानावर नवं नाव होतं. तिने सवयीने वंदनाताईचंच वाचलं. कोणी चूक काढली नाही. मीही नाही.