कबुलीचा पेढा

ऑफिसात भरमाण्णांच्या टेबलावर साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा डबा असायचा, आणि त्यातला पेढा कुणी आपल्या हाताने घ्यायचा नाही असा दंडक होता. पेढा मिळायचा तो चूक कबूल केल्यावर. "माझं चुकलं" म्हणत कुणी समोर उभं राहिलं, की अण्णा आधी पेढा देत आणि मग चूक ऐकत. नोकरीच्या पहिल्या दिवशी हे पाहून मला वाटलं, आपण बालवाडीत तर नाही ना आलो! पुढे डबा भरायचं काम माझ्याच गळ्यात पडलं, कारण दर शनिवारी साताऱ्याला घरी जाणारी मी एकटीच.

सांगलीतलं आमचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या आणि सहा माणसं. रुग्णालयांना, रक्तपेढ्यांना सर्व्हर बसवून द्यायचे आणि त्यांवरची ऑपरेटिंग सिस्टिम सांभाळायची. तिचा सगळ्यात आतला भाग, म्हणजे कर्नल, अण्णांकडे. जत तालुक्यातल्या जैन शेतकऱ्याच्या घरचा हा माणूस. दिवस मावळल्यावर अन्नाचा कण तोंडात घालत नसे, त्यामुळे साडेपाचला काम कितीही पेटलेलं असो, यांचा जेवणाचा डबा उघडायचा. कोड मात्र मोठ्याने वाचत, पोथी वाचावी तसा.

त्यांचा खास जीव होता प्रोसेसरच्या तक्रारींवर. स्वतःत किंवा मेमरीत काही बिघडलेलं आढळलं, की प्रोसेसर कर्नलला कळवतो. पुढे काय करायचं ते कर्नलने ठरवायचं. अण्णा सांगत, "बारकी चूक त्यो सोताच दुरुस्त करतोय, आपन नुसती नोंद ठेवायची. मोठी आसली तर खराब जागा बाजूला काढायची, तिथला प्रोग्राम बंद करायचा. आनि कुटवर बिगडलंय तेच कळंना, तर आक्खं मशीन थांबवायचं. थांबल्यालं मशीन शिव्या खातंय, पर खोटं सांगत न्हाई."

"अण्णा, तुम्ही कधीच चुकत नाही का? तुम्हाला पेढा खाताना पाहिलं नाही," मी एकदा डिवचलं.

"चुकतो की गं. पर कबूल कराया लय धाडस लागतंय," ते हसत म्हणाले.

एकदा एका रक्तपेढीचं मशीन असंच थांबू लागलं. सकाळपासून तीनदा थांबलं आणि तिन्ही वेळा तिथल्या बाईंनी फोनवर माझा उद्धार केला. ऐकून घ्यायची मला मुळातच सवय नाही. चौथा फोन आल्यावर मी तणतणत कर्नलमधली एक ओळ बदलली: थांबू नकोस, नोंद कर आणि चालू राहा. अण्णांना न विचारता तो बदललेला कर्नल त्या मशीनवर चढवून मोकळी झाले. फोन बंद झाले. मला माझ्या हुशारीचं कोण कौतुक!

ते तीन आठवडे टिकलं. मग एका सकाळी अण्णा सगळ्यांसमोर सहज बोलून गेले, "मेमरीतला एक बिट उलटला, शून्याचा एक झाला, तर पिशवीवर एक रक्तगट आनि मशीनमदी दुसराच. मग वो?" माझी ओळ तीन आठवडे त्या मशीनवर होती. तिच्यापायी कुणाला भलतंच रक्त चढलं असेल तर?

"अण्णा, माझं चुकलं," मी म्हणाले आणि रडायलाच लागले. त्यांनी हातावर पेढा ठेवला. तो तसाच मुठीत धरून मी त्या ओळीबद्दल सांगितलं. सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, "चल, बगून येऊ."

दिवसभर आम्ही रक्तपेढीत बसलो. अण्णा कागदी रजिस्टरातले गट खणखणीत आवाजात वाचत, मी मशीनमधले ताडून बघत होते. साडेपाचला जिन्यात बसून त्यांच्या डब्यातली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. शेवटची नोंदसुद्धा जुळली, तेव्हा मी त्या बाईंना मिठीच मारली. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

गेल्या महिन्यात अण्णा निवृत्त होऊन गावी निघाले. निरोपाची भाषणं लांबत गेली. ऊन खिडकीतून उतरणीला लागलं, तसे अण्णा उठून माझ्यासमोर आले आणि हात पुढे केला. "माजं चुकलं. आदी पेढा दे, दिवस मावळतोय."

मी पेढा दिला. तो हातात धरूनच ते बोलू लागले. "रक्तपेढीच्या मशीनवर तुजी ओळ तासभरच हुती. मला दिसली तशी मी तिथं जाऊन काढून टाकली. मेमरीची खराब पट्टी बदलली, त्या तासाभरातल्या नोंदी कागदाशी ताडून बगितल्या. पट्टी बदलली म्हनून मशीन थांबायचं बंद झालं."

"मग ते तीन आठवडे?"

"तू आपनहून कवा सांगतीस, ते बगत हुतो. पर तू सांगितल्यावर मी बी सांगाया पायजे हुतं. उगं दिवसभर तुला नोंदी तपासाया लावल्या. चुकलंच."

"अण्णा, रडून डोळे सुजले होते माझे!" मला भयंकर राग आला होता आणि त्याहून जास्त हसू.

"म्हनून तर कबूल करतोय. खाऊ का?"

"खा."

त्यांनी पेढा तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "आयला! येवढा ग्वाड आसतोय व्हय ह्यो?"