मेश्राम उस्तादांची तिवसाची काठी

एकोणीसशे त्रेसष्टच्या उन्हाळ्यात आमच्या भरती पार्टीची पोस्टिंग यवतमाळला होती. पार्टी म्हणजे चार माणसं: सुभेदार साहेब, ड्रायव्हर, हवालदार नामदेव मेश्राम आणि मी. मी क्राफ्ट्समन, म्हणजे फौजेचा मेकॅनिक, गाव दारव्हा. गाडी एकच, जुनी एक टनी पिकअप. पहाटे पाचला तेल-पाणी, सहाला रांगेत फॉल-इन, मग कुठल्या तरी तालुक्याला जाऊन पोट्ट्यांच्या छात्या मोजायच्या.

मेश्राम माझे उस्ताद, केळापूरकडचे. अठ्ठेचाळीसमध्ये काश्मिरात गोळा जवळ फुटला आणि त्यांचे दोन्ही कान जवळजवळ गेले. साहेबांना ठाऊक होतं. मेडिकल बोर्डाला कोणी कळवलं नाही. कारण उस्तादांकडे तिवसाच्या कडक लाकडाची हातभर काठी होती. काठीचं एक टोक गाडीच्या लोखंडाला लावायचं, दुसरं दातात धरायचं आणि डोळे मिटायचे. म्हणे आवाज दातांतून डोक्यात जातो. मी नवा होतो, ट्रेनिंगमध्ये पहिला आलेला. मला वाटलं, म्हातारं नाटक करून राह्यलं.

एकदा वणीला मुक्काम करून अकरा पोट्टे निवडले आणि दुसऱ्या दिवशी साडेनऊला त्यांना घेऊन निघालो. मारेगाव ओलांडलं अन् गाडीच्या पोटातून आवाज सुरू झाला. गिअर टाकला की खाडकन, मग घरघर. वेग वाढला की घरघर वाढे.

"रोको," साहेब म्हणाले. "क्या है?"

मी पोट्टे उतरवले, मागची दोन्ही चाकं जॅक लावून उचलली, गिअर टाकून पाहिलं. घरघर जवळपास थांबली. मागच्या डिफरन्शियलमधून, चाकांना फिरवणाऱ्या दातेरी पेटीतून, बारीक शीळ तेवढी येत होती. मी छाती फुगवून सांगितलं, "साब, डिफरन्शियल है. दात घिस गये. धीरे धीरे पहुंच जायेंगे."

"ठीक है. चढो."

उस्ताद हलले नाहीत. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहूनच सगळं वाचलं होतं. "रिकामी गाडी खोटं बोलते बे," ते म्हणाले. "पोट्टे बसव वर. मंग आयकू."

जॅकखाली दगड, वर अकरा पोट्टे, इंजिन चालू, गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट गरगर फिरतोय आणि हा माणूस खाली उताणा! काठी आधी डिफरन्शियलला, मग गिअरबॉक्सच्या शेपटीला. ओझ्यानं गाडी दबली होती आणि घरघर परत आली होती. उस्तादांचा जबडा थरथरत होता. दोन मिनिटांनी त्यांनी हात वर केला.

"बंद. डिफरन्शियल बिचारं साधं हाय. शाफ्टचा पुढचा सांधा गेला."

बोल्ट खोलले. सांध्यातून गंजाची लाल पूड माझ्या तळहातावर पडली. आतल्या सुयांसारख्या बेअरिंगचा पत्ताच नव्हता. तो सांधा चालत्या गाडीत तुटला असता तर शाफ्टचं पुढचं टोक रस्त्यात रुतून गाडी उलटली असती. समोर उतार होता, उताराखाली बिनकठड्याचा पूल. अरे बाप्पा! अति शहाणा त्याचा बैल रिकामा, आणि माझ्या बैलगाडीत तर अकरा आयांची लेकरं होती.

शाफ्ट काढून मागे टाकला. गाडी चारही चाकांना जोर देणारी, म्हणून नुसत्या पुढच्या चाकांवर, ताशी दहा मैलांनी, सोळाशे वाजता, म्हणजे दुपारी चारला, यवतमाळ गाठलं. साहेब "शाबाश" म्हणाले, बस्स.

मी उस्तादांचे पाय धरायला वाकलो. ते मागे सरले. "पाय नोको धरू. काठी धर." त्यांनी ती माझ्या दातात दिली, दुसरं टोक इंजिनाला टेकवलं. आठवडाभर माझ्या दातांत नुसत्या मुंग्या आल्या. आठव्या दिवशी एकेक व्हॉल्व्ह वेगळा ऐकू आला. मी देवळात कधी असा उभा राहिलो नव्हतो.

पासष्टच्या लढाईत, आघाडीवर अडकलेली गाडी ओढून काढताना, सकाळी सहा चाळीसला उस्ताद गेले. सामानासोबत काठी घरी पोचवायचं काम मी मागून घेतलं.

उस्तादांची बायको, आमच्या वहिनी, रडल्या नाहीत. सामान एकेक करून घेतलं. काठी माझ्याच हातात राहिली होती. तेवढ्यात त्यांची पाच वर्षांची सुजाता धावत आली. तिनं काठीचं एक टोक आपल्या हनुवटीला लावलं आणि दुसरं माझ्या तोंडाकडे ढकललं.

"तिचे बाबा असंच आयकत तिचं," वहिनी म्हणाल्या. "कानानं कुठं आयकू ये त्याइले."

काठीवर उस्तादांच्या दातांच्या खुणा होत्या. मी त्यांवर माझे दात ठेवले. पोरगी अगदी हळू बोलली.

"गाडी दुरुस्त झाली की येतो म्हने बाबा. झाली का? मंग काहून नाही आले?"

तिचा शब्द न् शब्द माझ्या हाडात वाजला. ऐकू आलं नाही म्हणायची सोय त्या काठीनं ठेवली नव्हती.