भांड्यांच्या दुकानामागची गादी

भांड्यांच्या दुकानात एक कोपरा मोडीचा असतो. गिऱ्हाईक नवा हंडा घेऊन जातं आणि जुना, पोचे आलेला तिथं टाकून जातं. तो ढीग कधी संपत नाही. आमच्या सल्ल्याच्या धंद्यातही तसंच आहे. माणसं येतात, पैशाचं काय करू विचारतात आणि जाताना एकेक किस्सा टाकून जातात. माझ्याकडे आता इतका ढीग झालाय की थोडा उपसल्याशिवाय पाय ठेवायला जागा नाही!

माझं शिक्षण दहावी, तेही ओढूनताणून. नगरच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान. लोक आधी नुसती भांडी घ्यायचे. मग विचारायला लागले, "शेठ, कांद्याचे पैसे आलेत, कुठं ठेवू?" मलाही माहीत नव्हतं. मग वाचायला लागलो, चुकत चुकत शिकलो, म्युच्युअल फंडाची परीक्षा दिली आणि दुकानामागच्या खोलीत टेबल टाकलं. आता पुढचं दुकान धाकटा भाऊ बघतो. मागच्या खोलीत मी, माझा जुना जोडीदार शकीलभाई आणि पुण्याहून एमबीए करून परत आलेली माझी मुलगी ऋतुजा.

साठी उलटली. डॉक्टर म्हणतात, धावपळ कमी करा. त्यामुळे घरात एकच विषय : पुढं हे सगळं कोण बघणार? ऋतुजा म्हणते, "मी." क्लायंट म्हणतात, "शेठ कुठं हायत?" आणि पुण्याची एक बडी कंपनी म्हणते, "आमच्याकडे द्या, बाकी आम्ही बघतो."

या ओढाताणीतलेच हे किस्से.

*

आमच्या भागात एक रीत आहे. आपण पैसे कुठं ठेवलेत हे गावात कुणाला कळता कामा नये. कळलं की हातउसने मागणारे दारात, वर्गणीवाले ओट्यावर आणि साडू थेट स्वयंपाकघरात! त्यामुळे आमचे क्लायंट भांड्यांच्या दुकानातून आत येतात, मागच्या खोलीत बोलतात आणि बाहेर पडताना हातात एखादं भांडं घेऊन जातात. कुणी विचारलंच तर उत्तर तयार, "नगरला गेल्तो, झारा आनला."

मिरजगावचे तात्या आमचे सगळ्यात जुने क्लायंट. हायवेला लागून जमीन, डाळिंबाची बाग, शब्दाला पक्के. दर भेटीला एक झारा. अनेक वर्षं हा क्रम चालला. मग एक दिवस काकूंचा, म्हणजे त्यांच्या मंडळींचा, मला फोन.

"शेठ, यांचं तुमच्याकडं काय चाललंय ते मी इचारत न्हाई. पन घरात झारे लई झालेत. आता एखादी कढई तरी द्या की!"

*

केडगावचे गुरुजी रिटायर होऊन आमच्याकडे आले. पहिली अट, "शेठ, हे मंडळींना कळता कामा नये." महिन्याभरात गुरुजींच्या मंडळी आल्या. शिवणकामातले साठवलेले पैसे. पहिली अट, "शेठ, हे ह्यांना कळता कामा नये."

दोघांचं काम वेगवेगळं, दोघांची गुपितं आमच्या पोटात. एकदा गुरुजी आत बसलेले आणि बाई दुकानाची पायरी चढल्या. मी घाबरलो. शकीलभाई घाबरले नाहीत! त्यांनी पुढच्या दुकानातून इडलीचं स्टँड उचललं आणि आत येऊन मोठ्यानं म्हणाले, "गुरुजी, घ्या, पाहिजे होतं तसलं सापडलं!"

गुरुजी स्टँड घेऊन बाहेर आले. समोर बाई.

"तुम्ही इथं कशा?"

"मी... कुकरची शिट्टी घ्यायला. आणि तुम्ही इडल्या कधीपासून करायला लागलात?"

"म्हटलं शिकावं आता!"

दोघं इडलीचं स्टँड आणि शिट्टी घेऊन एकाच रिक्षातून घरी गेले. ऋतुजा तेव्हा नवीन होती. म्हणाली, "पप्पा, दोघांनीही नॉमिनी एकमेकांनाच केलंय. मग लपवतात कशाला?"

शकीलभाई म्हणाले, "लग्न झालं की कळेल, ताई. आत्ता सांगून उपयोग नाही!"

*

एकदा मी पुण्याला एका हॉटेलात ट्रेनिंगला गेलो. टाय लावलेल्या साहेबांनी दिवसभर एकच सांगितलं, क्लायंट व्हॅल्यू वाढवा! सगळ्यांना सारखं वागवू नका. मोठा तो गोल्ड, मधला तो सिल्व्हर. मला पटलं. भांड्यांतही पितळ वेगळं, स्टील वेगळं ठेवतोच की! येऊन मी चकचकीत कार्डं छापून घेतली आणि पोस्टाने धाडली.

आठवड्यात पारनेरकडचे दोघं भाऊ एकाच मोटरसायकलवर आले. थोरल्याने कार्ड टेबलावर आपटलं.

"शेठ, वाटनी करताना बांधावर उभं राहून टेप लावून मोजलं आमी. इंचाचा फरक न्हाई ठिवला. आन् तुमी धाकट्याला सोनं देता, मला चांदी?"

मी समजवायला लागलो, "अहो, त्यांची रक्कम जरा..."

धाकटा हळूच म्हणाला, "शेठ, माझं बी चांदी करा. घरी वैनी जेवायला वाढंना!"

त्या दिवसापासून आमच्याकडे सगळे क्लायंट प्लॅटिनम आहेत. आणि पुण्याच्या साहेबांचा टाय मला अजून स्वप्नात दिसतो!

*

क्लायंटना ऋतुजाची सवय लागावी म्हणून मी एक युक्ती केली. बहिणीकडे पारनेरला जाऊन राहिलो. ऑफिसात शेठ नाहीतच म्हटल्यावर लोक ताईशीच बोलतील, असा माझा हिशेब. मोबाईल मात्र चालू ठेवला, ही चूक झाली. तात्यांचा फोन!

"शेठ, तुमच्या हापिसात बसलोय. बाजार पडलाय म्हनून सगळं काढायला आल्तो. ताई म्हनतीया काढू नका. म्हनलं तुमाला इचारावं."

"ते पैसे नातवाच्या कॉलेजसाठीचे ना? त्याला अजून अवकाश आहे. मग नका काढू, तात्या."

"बरं झालं इचारलं! ही पोरगी उगं घोळ घालत हुती."

मागून ऋतुजाचा आवाज, "तात्या, मी अर्धा तास तेच सांगतेय! नातवासकट!"

मग तात्या बाहेर आले असावेत, कारण आवाज एकदम खाली गेला. "शेठ, पोरगी हुशार हाय, त्यात वाद न्हाई. पन उद्या लगीन हून गेली लांब, मंग आमी कुनाच्या तोंडाकडं बघायचं? तुमी बी न्हाई, ती बी न्हाई. आधी तिचं कुठं जमतंय ते बघा, मंग गादीवर बसवा."

मी संध्याकाळी घरी आलो. ऋतुजाने मला जेवायला वाढलं. मग माझा मोबाईल उचलला आणि स्वतःच बंद करून ठेवला.

*

पण पोरगी हटणारी नाही. तिने नगरातच सावेडीला काचेचं ऑफिस घेतलं. एसी, सोफा, कॉफीचं मशीन. आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं दिसतं. फक्त क्लायंट तेवढा दिसेना!

बऱ्याच दिवसांनी एक ठेकेदार आले. जुने क्लायंट. आत आले आणि सोफ्यावर न बसता टेबलाच्या आडोशाला खाली उकिडवे बसले.

"काका, वर बसा ना," ऋतुजा म्हणाली.

"नको, हितंच बरंय. समोर रसवंतीवर माझा मेव्हणा बसलाय!"

तिने काय करावं? तीही खाली बसली. लॅपटॉप मांडीवर घेतला आणि दोघांनी जमिनीवर बसून सगळं काम उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आमच्या दुकानातून टेम्पो भरून माल नेला आणि त्या सगळ्या काचेला आतून पातेल्यांची, डब्यांची उतरंड लावली. वर पाटी, 'घरगुती भांडी मिळतील.' संध्याकाळपर्यंत चार माणसं येऊन गेली.

शकीलभाई ती उतरंड बघून आले आणि मला म्हणाले, "शेठ, आज ताई धंद्यात आली!"

*

तरीही मला धीर होईना. भांडी लावली म्हणून माणसं राहतात का? मी पुण्याच्या कंपनीला जवळजवळ होकार देऊन टाकला. ऋतुजा भडकली.

"पप्पा, तुम्ही क्लायंट विकताय."

"विकत नाही गं, त्यांची सोय लावतोय. तू उद्या लग्न करून..."

"मला विचारलंत का मी कुठं जाणार ते?"

नव्हतं विचारलं. पण तोवर कंपनीचे साहेब नगरला येऊन पोचले होते. तिशी-पस्तिशीचे, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. म्हणाले, "सही करण्याआधी तुमच्या एखाद्या जुन्या क्लायंटला भेटू. ते आमच्याकडे टिकतील का, याचा अंदाज येईल." मी तात्यांना फोन लावला, "पुण्याहून पाहुणे आलेत. ऋतुजालाही आणतोय. तुमचं मत घेतल्याशिवाय मला पुढं जायचं नाही."

"या की! आमी हाय," तात्या म्हणाले. आवाज जरा भरून आल्यासारखा वाटला. मी म्हटलं, नेटवर्क असेल.

मिरजगावला पोचलो तर अंगणात सडा! पलंगावर नवी चादर, तात्यांच्या डोक्याला फेटा, आणि शेजारी भावकीतले एक म्हातारे मिशीला पीळ देत बसलेले. काकूंनी ऋतुजाला हाताला धरून थेट आत नेलं. थोड्या वेळाने ती पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. माझ्याकडे असं बघितलं की मी ट्रेकडेच बघायला लागलो. मला सगळं समजलं, पण तोवर तात्या सुरू झाले होते.

"पावनं, आदी कुठं हुता?"

साहेब खुशीत. त्यांना वाटलं, क्लायंट चौकस आहे! "आधी बँकेत. मग एका विमा कंपनीत. मग दिल्लीच्या एका कंपनीत. आता इथं."

"लई ठिकानं सोडली!"

"चांगली संधी मिळाली की बदलावंच लागतं."

"आन् ह्याच्यापरीस चांगली मिळाली तर?"

साहेब हसले. "मग बघू!"

मिशीवाल्या म्हाताऱ्यांचा पीळ तिथंच थांबला. मी मध्ये तोंड घालणार, तर तात्यांनी हातानेच गप्प केलं.

"बरं, आमची ताई शिकलीसवरलेली. तुमच्याकडं आल्यावर तिनं काय करायचं?"

"त्यांचं काही टेन्शन नाही," साहेब म्हणाले. "पहिलं एक वर्ष त्या आमच्याबरोबर राहतील. सगळं आमच्या हातात आलं, की मग त्यांची गरज नाही. आमची पुण्याला मोठी टीम आहे."

तात्या उठून उभे राहिले.

फेटा घसरून कानावर आला होता. माझ्या दंडाला धरून मला गोठ्यापर्यंत ओढत नेलं. "शेठ, तुमी डोळं गहान ठिवलं का? वरीसभर ठिवतो आन् मंग गरज न्हाई म्हनतो! तोंडावर! आन् वर टीम हाय म्हनतो!"

"तात्या, तात्या, ऐका," मी म्हटलं. "हे लग्नाचं नाही. ऋतुजाला बघायला नाही आले ते. मी धंदा त्यांना द्यायचा म्हणतोय. तुम्ही आमचे जुने क्लायंट. तुम्ही त्यांच्याकडे जाल का, टिकाल का, ते बघायला आलेत."

तात्यांनी माझा दंड सोडला. गाय रवंथ करत होती, तिच्याकडे बघत राहिले. मग सावकाश म्हणाले,

"म्हंजी आज बघायचा कारेक्रम माजा हुता व्हय?"

मी खालमानेने हो म्हटलं.

"आन् मी फेटा बांधून बसलो!"

आम्ही अंगणात परत आलो. साहेब दुसरी बशी पोहे खात होते. तात्या पलंगावर त्यांच्याजवळ बसले नाहीत. पायरीवर ऋतुजा बसली होती, तिच्या शेजारी जाऊन बसले.

"ताई, शेठला न्हाई, तुलाच इचारतो. तू हितं ऱ्हानार हायस का?"

"हितंच हाय, तात्या," ऋतुजा म्हणाली. "लग्न झालं तरी. नगर सोडायचं असतं तर पुण्याहून परत कशाला आले असते?"

तात्यांनी मान डोलावली. फेटा सारखा केला. मग साहेबांकडे वळून, अगदी मुलीकडची माणसं बोलतात तशा जपून आवाजात म्हणाले,

"पावनं, मानूस म्हनून तुमी झकास हाय, पन आमचं ठरलेलं हाय. पोहे सावकाश खा."