चावणारी इडली

जगात जे जे काही बिघडू शकतं, ते सगळं माझ्या बायकोच्या मामांनी आधीच मनातल्या मनात बिघडवून पाहिलेलं असतं. अस्करजवळच्या एका अॅल्युमिनियमच्या कारखान्यात त्यांनी सेफ्टी ऑफिसर म्हणून सारी हयात काढली. नोकरीमुळे ते असे झाले असं लोक म्हणतात; मला मात्र वाटतं, ती नोकरीच त्यांना शोधत बहारीनला आली असावी. हूरा भागातल्या एखाद्या हॉटेलात जेवायला गेलो, की आम्ही मेनू बघायचो आणि मामा इमर्जन्सीचं दार. ते नुसतं बघून त्यांचं भागायचं नाही, जाऊन ढकलून बघायचे. एकदा ढकलल्यावर अलार्म वाजला आणि अख्खं हॉटेल हातातले घास टाकून रस्त्यावर आलं. मॅनेजर कपाळाला हात लावून उभा होता. मामा त्याला शांतपणे म्हणाले, "चालतोय तुमचा." मामी शाळेत गणित शिकवायच्या. काळजीचं खातं त्यांनी लग्नातच मामांच्या नावावर केलं होतं आणि स्वतः सुखाने झोपायच्या.

अशा माणसाच्या घरात चावणारा प्राणी यावा, हे काही कुणी ठरवून केलं नव्हतं. कारखान्यातल्या एका फिलिपिनो सहकाऱ्याची नोकरी संपली. त्याच्याकडे एक फेरेट होती. फेरेट म्हणजे दिसायला मुंगसासारखा, लांबट, लवचिक प्राणी. ही डोक्यापासून शेपटापर्यंत पांढरीशुभ्र होती. त्यांच्याकडच्या तांदळाच्या एका वाफवलेल्या खाऊचं नाव त्याने तिला दिलं होतं. त्याने त्या खाऊचं वर्णन केल्यावर मामी म्हणाल्या, म्हणजे इडलीच की, आणि ती इडली झाली. नवा मालक येईपर्यंत सांभाळा, असं सांगून तो गेला. नवा मालक आला, इडलीने त्याचा अंगठा फोडला, आणि तोही गेला. इडली राहिली.

उम्म अल हस्सम भागातल्या आमच्या इमारतीत मामा अगदी आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायचे, त्यामुळे पुढचं सगळं मला आधी छतातून कळायचं. आधी किंकाळी, मग काहीतरी पडल्याचा आवाज, मग मामींचं हसणं. वर जावं तर मामा कारखान्यातले चामड्याचे हातमोजे, सेफ्टी शूज आणि तोंडापुढे पारदर्शक ढाल असलेलं हेल्मेट घालून इडलीला दूध-पोळी नव्हे, उकडलेली कोंबडी भरवत असायचे. फ्रिजवर त्यांनी एक पाटी लावली होती, 'अपघाताविना दिवस'. कारखान्यात अशा पाटीवर मोठमोठे आकडे असत. इथे शून्य पुसून पुन्हा शून्य लिहायचा प्रसंग यायचा. प्राण्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, मारू नका, हात झटकू नका, चावली की ठाम आवाजात 'नो' म्हणा आणि थोडा वेळ पिंजऱ्यात ठेवा. मामांनी 'नो' म्हणून पाहिलं. मग हिंदीत दटावून पाहिलं. मग ही बहारीनची आहे म्हणून अरबीत 'खलास', म्हणजे पुरे, आणि 'मफी', म्हणजे नाही, असंसुद्धा म्हणून पाहिलं. शेवटी मराठीत, "अगं नको ना बाळा," इथपर्यंत ते आले. इडली सर्व भाषांत सारखीच चावायची.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण मामांची निवृत्ती जवळ आली. नोकरी संपली की व्हिसा संपणार, व्हिसा संपला की फ्लॅट सोडायचा आणि डोंबिवलीला परतायचं. इडलीला भारतात नेण्याची परवानगी मिळणार नव्हती, हे मामांनी सगळीकडे विचारून खात्री करून घेतलं होतं. तेव्हापासून त्यांना अन्न गोड लागेना. चावऱ्या प्राण्याला घेणार कोण? घेतलं तरी चावल्यावर ठेवणार कोण? इथे लोक नकोसे झालेले प्राणी वाळवंटात सोडून देतात, हे त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. भर जेवणात त्यांचा हात थांबायचा, आणि त्यांना तिथलं ऊन दिसतंय हे आम्हाला कळायचं. एक जोडपं इडलीला बघायला येणार होतं, तेव्हा एका मित्राने सुचवलं की ती झोपेत असतानाच पिंजऱ्यासकट देऊन टाका, चावण्याचं कशाला सांगता. मामा म्हणाले, "धोका लपवून हँडओव्हर करत नाहीत." त्यांनी सगळं सांगितलं, हातावरचे व्रणसुद्धा दाखवले. जोडपं चहा पिऊन निघून गेलं.

मग एका शुक्रवारी दुपारी मी वर बसलो असताना मामींच्या हातून स्टीलच्या ताटांची चळत पडली. असा आवाज झाला की माझा चहा सांडला आणि मामा सवयीने दाराकडे धावले. इडली पिंजऱ्यातल्या झोळीत, पडलेल्या ताटांपासून हातभर अंतरावर झोपली होती. तिचा कानही हलला नाही. ती मेली असं वाटून मामांनी हातमोजे न घालताच आत हात घातला आणि तिला हलवलं. ती दचकून उठली आणि कडकडून चावली. मामा ओरडले नाहीत. बोटातून रक्त येत असताना तिच्याकडे बघत उभे राहिले.

"हिला ऐकू येत नाही गं," ते मामींना म्हणाले.

डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं. अशा पांढऱ्या डोक्याच्या फेरेट पुष्कळदा जन्मतः बहिऱ्या असतात. मामा त्या संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसले. सांगत होते की आपण मागून जायचो, झोपेत उचलायचो, आणि तिला प्रत्येक वेळी एकदम आकाशातून हात आल्यासारखं वाटत असेल. "घाबरायची हो ती," ते म्हणाले. "सारखी घाबरायची. आणि मी तिच्यावर ओरडत होतो." घाबरणं म्हणजे काय हे मामांइतकं त्या बेटावर कुणाला ठाऊक असेल असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या छतावर नवाच आवाज सुरू झाला. इडलीजवळ जाण्याआधी मामा जमिनीवर पाय आपटायचे, म्हणजे हादऱ्याने तिला कोणीतरी येतंय हे कळावं. माझी मुलगी वर बघून म्हणायची, "आजोबा इज डान्सिंग अगेन." मग ते खाली बसायचे, समोरून हात पुढे करायचे, तिला वास घेऊ द्यायचे, आणि मगच उचलायचे. हेल्मेट गेलं. हातमोजे जायला मात्र वेळ लागला. उघडा हात पुढे करताना त्यांचे डोळे मिटलेले असायचे आणि ओठ पुटपुटत असायचे. खेळताना चावलीच, तर हात तसाच स्थिर ठेवून ते तिला हळूच पिंजऱ्यात ठेवायचे, चेहऱ्यावर राग न दाखवता. हळूहळू चावणं चाटण्यावर आलं. एकदा मी गेलो तेव्हा इडली त्यांच्या शर्टाच्या बाहीत झोपली होती आणि तिला जाग येईल म्हणून मामा चहाचा कप उचलत नव्हते.

शेवटी कारखान्यातला एक बहारीनी ऑपरेटर, अस्करलाच घर असलेला, तिला बघायला आला. मामांनी त्याची मुलाखतच घेतली. एसी बंद पडला तर काय करणार, वायरी झाकलेल्या आहेत का, दार कोण लावणार. तो प्रत्येक प्रश्नाला हसून 'इंशाल्ला', म्हणजे देवाची इच्छा असेल तसं, म्हणत होता आणि मामांचा जीव खाली-वर होत होता. मग तो उठला, मामांनी शिकवल्याप्रमाणे पाय आपटला, खाली बसला आणि हात पुढे केला. इडलीने वास घेतला, बोटं चाटली आणि सरळ त्याच्या मांडीवर चढली. इतके दिवस ज्यासाठी मामांनी जिवाचं रान केलं होतं ते घडलं, आणि मामांचा चेहरा मात्र कुणीतरी चावल्यासारखा झाला.

परतीच्या दिवशी मी त्यांना विमानतळावर सोडायला निघालो. मामी मागे बसल्या होत्या. मामा म्हणाले, वेळ आहे, जरा अस्करवरून जाऊ. विमानतळ अगदी उलट्या दिशेला, पण मी गाडी अस्करकडे घेतली. इडलीच्या नव्या घराच्या फाटकासमोर गाडी उभी केली. आतून कुणाच्या तरी हसण्याचा आवाज येत होता. मामा काच खाली करून ऐकत राहिले. आत जाऊन भेटून येऊ या, असं मी म्हटलं.

"नको," ते म्हणाले. "तिने ओळखलं नाही तर?" मग म्हणाले, "आणि ओळखलं तर?"

मामींनी मागून हात पुढे करून त्यांच्या खांद्यावर ठेवला. मी गाडी वळवली. विमानतळ येईपर्यंत मी गाडी किती वेगाने चालवतोय, याकडे मामांनी एकदाही पाहिलं नाही.