वाजणारी डबी

इसरू गुरनुलेची तंबाखूची डबी मूल गावच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक होती. पितळेची डबी, झाकणाला गोल खिडकी आणि खिडकीत राणीछाप रुपया. रुपया मुद्दाम सैल बसवलेला. झाकण उघडलं की राणी खळ्कन वाजायची. सासरा पितळेची कामं करायचा. लग्नात त्याने स्वतः घडवलेली ही डबी जावयाच्या हातावर ठेवली, तेव्हा मांडवात केवढं कौतुक झालं होतं.

आठवडाभरातच इसरूच्या लक्षात आलं की सासऱ्याने भेट दिलेली नाही, जावयाला घंटा बांधली आहे. बायको वच्छला हिला तंबाखूचा तिटकारा, आणि कान सशाचे. डबी गोठ्यात वाजली तरी चुलीपुढून आवाज यायचा, "पुरे करा आता." इसरूने दुसरी डबी आणून पाहिली. ती चुलीत सापडली. बिचाऱ्याने मग वाजत-गाजतच तंबाखू खाल्ली, पण मनात सल राहिला तो राहिलाच.

आणे जाऊन नवे पैसे आले त्याच्या पुढच्या वर्षी लाकडाच्या ठेकेदाराचे मुनीम भैयाजी गावात आले. त्यांना जुन्या नाण्यांचा भारी नाद. डबी डोळ्यांजवळ नेऊन ते हळहळले. "इसरूभाऊ, राणी घासून राह्यली ना. तिचं नाक झिजलं. काढून ठेवा, असा रुपया पुढं पाह्यले भेटनार नाई."

इसरूला देवच भेटला. त्या दिवसापासून त्याला राणीच्या नाकाची अशी काळजी लागली की जेवण जाईना.

"माह्या बापानं बसवला," वच्छला म्हणाली. "खोबन मोकळी केली तं डबीत काय राह्यलं?"

"बाप तुहा, रुपया बी तुहा," इसरू मधाळ आवाजात म्हणाला. "डबीत काऊन सडवतं त्याले? तुह्या गळ्यात शोभते."

इथे वच्छला विरघळली. सोनाराने रुपया काढला, कडी लावली, माळेत ओवला. आता डबी मुकी झाली आणि वच्छला चालली की रुपया मण्यांवर वाजू लागला. मांजरीच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, असं लोक उगाच विचारतात. इसरूने बांधून दाखवली. आवाज जवळ आला की तो थुंकून साळसूद व्हायचा, लांब गेला की चिमूट भरायचा. माणूस सुखाने जाडा होतो म्हणतात, तसा तो झाला.

मग मोहाची फुलं गळायला लागली. एका पहाटे दोघं ती वेचायला जंगलात गेली. वाकताना माळ टोपलीत अडकते म्हणून वच्छलाने ती त्या दिवशी घरीच काढून ठेवली होती. इसरूला हे माहीत नव्हतं. ती पलीकडच्या झाडाखाली गेली, हा आपल्या झाडाला टेकून बसला आणि त्याने डबी उघडली. कुठे काही वाजलं नाही.

इतक्यात मागे पाला चुरचुरला. कोणीतरी धापा टाकत दबकत येत होतं. मण्यांचा आवाज नाही. इसरूने ताडलं, बायकोला कावा कळला आणि माळ मुठीत धरून ती चोर पकडायला आली. पकडले गेलोच आहोत, तर निदान तिला हसवावं, म्हणून मागे न बघता त्याने उघडी डबी खांद्यावरून मागे धरली.

"घे वं, तू बी खाय."

डबीत ओलं नाक घुसलं. जोराचा श्वास झाला आणि मग अशी शिंक आली की इसरूची मान भिजली. त्याने वळून पाहिलं. अस्वल होतं.

आमच्याकडे अस्वलाने नाक-डोळा नेलेलं माणूस दर दोन गावांत एक तरी असतंच. पण अस्वलाला तंबाखू चढली होती. ते पुन्हा शिंकलं, पंजाने नाक पुसलं आणि शिंकत शिंकतच नाल्याकडे पळालं. शिंका ऐकून वच्छला टोपली बडवत आली, तेव्हा इसरू रिकामी डबी धरून बसला होता.

ती आधी रडली, मग तिने त्याला शिव्या घातल्या. "तंबाखूसाठी कान देत होती काय मी? जंगलात डबी वाजली का समजे, मानूस जागेवर हाये. तुमी तेच बंद केलं."

बायकोला फसवल्याची लाज इसरूला अस्वलाच्या भीतीपेक्षा जास्त वाटली, असं तो पुढे स्वतःच सांगायचा. त्याच आठवड्यात त्याने वच्छलापुढे हात जोडून माळेतला रुपया परत मागून घेतला आणि सोनाराकडून खोबणीत बसवला, पहिल्यासारखाच सैल.

वर्षभराने भैयाजी आले नि डबी पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "परत बसवला काय? राणीचं नाक जाईल ना, भाऊ."

डबीत तंबाखू नव्हती, तरी इसरूने झाकण दोनदा वाजवलं. घरातून "हो, ऐकलं" असा आवाज आला, तेव्हाच तो भैयाजींकडे वळला.

"तिचं गेलं तं जाऊ द्या. माहं हाये ना जागेवर."