घोटा आणि शिट्टी

पंचांशी भांडण्यात माझा हात धरणारी मुलगी नाशिकच्या आमच्या कॉलेजात नव्हती. कबड्डीच्या सामन्यात पंचाने हात वर केला रे केला, की मी कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी. "कुठे लागला पाय? दाखवा ना, कुठे लागला?" असं विचारून विचारून मी भल्याभल्यांना घाम फोडला होता. आमचे कबड्डीचे सर वरवर रागवायचे, पण मैदानाबाहेरून ते स्वतःही तेच करायचे. पंच म्हणजे आपल्याला हरवायला पाठवलेला माणूस, यावर आम्हा दोघांचं एकमत होतं.

सरांचं शास्त्र एका ओळीचं होतं. पकडलं की सोडायचं नाही. चढाई करणारीचा घोटा एकदा हाताला लागला की तिचा दम तुटेपर्यंत जग इकडचं तिकडे झालं तरी पकड सैल होता कामा नये. "सोडू नको!" ही त्यांची आरोळी पार गंगापूर रोडपर्यंत ऐकू जायची. कॉलेज संपून मी एका शाळेत खेळाची शिक्षिका झाले, तरी रविवारी सकाळी सरांच्या मैदानावर हजर असायचेच. नव्या मुलींना घोटा धरायला शिकवणं हे काम सरांनी माझ्याकडे दिलं होतं आणि मला त्याचा भयंकर अभिमान होता.

दोन हजार साल उलटून गेल्यावर एका रविवारी पुण्याहून एक प्रशिक्षक आले, दोन लांबट चेंडू काखेत मारून. म्हणाले, रग्बी शिकवायची आहे, धडधाकट मुली हव्यात. सरांनी आमची कबड्डीची अख्खी फौज पुढे केली. चेंडू हातात घेऊन पुढे पळायचं पण फेकायचा मात्र मागेच, हे ऐकून मी हसून लोळायची बाकी राहिले. पेठ तालुक्याकडची एक मुलगी वसतिगृहात राहायची, डोंगर चढून चढून पाय नुसते पोलादी झालेले. तिने चेंडू जमिनीवर टाकून पाहिला. तो भलतीकडेच उडाला. "ताई, ह्यो लय येडा हाय," ती म्हणाली आणि त्याच्यामागे जी धावली, ती धावतच राहिली. अर्ध्या तासात आम्ही सगळ्या त्या येड्या चेंडूच्या प्रेमात पडलो.

समोरच्या मुलीला खाली पाडायला तर आम्हाला शिकवावंच लागलं नाही. प्रशिक्षक खूष झाले. आणि लगेच वैतागले, कारण पाडलेल्या मुलीला आमच्यापैकी एकही जण सोडेना. रग्बीत समोरची खाली पडली की हात ताबडतोब काढायचे, तिने चेंडू सोडायचा आणि खेळ पुढे चालू. आम्ही मात्र दोन्ही हातांनी घोटा कवटाळून पडलेल्या. प्रशिक्षक "सोडा, सोडा!" ओरडायचे आणि कडेने सर सवयीने "सोडू नको!" ओरडायचे. खाली पडलेली बिचारी हात लांब करून मध्यरेषा शोधायची. एकदा त्या नादात तिने चेंडू नेमका शेवटच्या रेषेपलीकडे टेकवला आणि तिच्या संघाला फुकटात पाच गुण मिळाले! त्या दिवशी हसून हसून आमची पोटं दुखली.

दोन-तीन महिन्यांनी प्रशिक्षक म्हणाले, "आता इथे स्पर्धा व्हायला हवी. पण दर वेळी पंच म्हणून मी पुण्याहून येऊ शकणार नाही. तुमच्यातूनच कुणीतरी तयार व्हा. खेळाडू असो, प्रशिक्षक असो, कुणीही. मी शिकवतो, मग एका स्पर्धेत तुमची परीक्षा घेतो. नाशिकला स्वतःचा पंच मिळाला तर दरवर्षी स्पर्धा इथे. नाहीतर मुलींनी पुण्याला यायचं."

सगळ्या जणी आपापल्या बुटांच्या नाड्या बघायला लागल्या. सर तर दुखावलेच. "आयुष्यभर मी पंचांना अक्कल शिकवली, आता मीच पंच होऊ?" पेठची मुलगी माझ्या कानाशी आली. "ताई, बाबा नाशकापर्यंतच धाडतो म्हनला. पुन्याला नाय." ती एकटी नव्हती. निम्म्या मुलींच्या घरी हेच होतं. पुण्याला जायचं म्हटलं की खेळ संपला.

मी त्याच सकाळी एका निर्णयावरून प्रशिक्षकांशी कडकडून भांडले होते. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून माझ्यापुढे धरली. "तुम्हाला सगळं दिसतं ना? मग पुढची दहा मिनिटं तुम्ही."

मी तोऱ्यात घेतली आणि पहिल्या मिनिटाला घाबरले. मग मात्र काहीतरी अजबच झालं. खेळताना मला फक्त माझ्यासमोरची मुलगी दिसायची. शिट्टी हातात आल्यावर दोन्हीकडच्या सात-सात, अशा चौदा जणी एकदम दिसायला लागल्या. कोण कुठे पळणार, चेंडू कुणाकडे जाणार, कोण चोरून पुढे सरकतेय, सगळं! मी चुकले, खूप चुकले, एकदा तर पळता पळता चेंडूच्या वाटेत जाऊन आडवी झाले. पण घरी जाताना सायकल इतकी जोरात हाणली की चढावरही उतरले नाही. या खेळातली सगळ्यात चांगली जागा आजवर कुणी मला सांगितलीच नव्हती, या रागाने आणि आनंदाने मी नुसती फुलले होते. त्यानंतर नियमांचं पुस्तक कायम माझ्या पिशवीत असायचं. शाळेत मधल्या सुट्टीत मी भिंतीसमोर उभी राहून हाताच्या खुणा घोटायचे आणि बाकीचे शिक्षक मला वेडी समजायचे.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही पहाटेच फक्कीने रेषा मारल्या. चार संघ आले. पहिले दोन सामने मी धडाधड निभावले. मग अंतिम सामना आला. एका बाजूला इगतपुरीच्या मुली, दुसऱ्या बाजूला आमच्याच. प्रशिक्षक वही घेऊन माझी परीक्षा घ्यायला बसलेले, त्यामुळे दुसरा पंच नाही. "पंच त्यांचीच हाय," इगतपुरीची एक जण मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. मी ऐकलं आणि सामना सुरू करायची शिट्टी वाजवली. भांडण टाळणं माझ्या स्वभावात बसणारं नव्हतं, पण टाळलं.

शेवटचं मिनिट. चेंडू खांबांमधून मारल्याच्या जादा दोन गुणांमुळे आमच्या मुली सात-पाचने पुढे. इगतपुरीची एक जण कडेने अशी सुटली की सगळं मैदान उभं राहिलं. पेठच्या मुलीने तिला मागून गाठलं, झेप टाकली आणि घोटा धरून पाडलं. इतकी देखणी पकड मी जन्मात पाहिली नव्हती. मीच शिकवलेली ना! बाहेरून सर गरजले, "सोडू नको!"

आणि तिने सोडलं नाही.

मी दोन पावलांवर उभी होते. तिच्या बोटांची पांढरी पडलेली पेरं मला दिसत होती. मी डोळेझाक केली असती तर आम्ही जिंकलो असतो आणि नाशिकला पंच मिळाला नसता. एवढा विचार मी तेव्हा केला असं आज म्हणणं खोटं ठरेल. मी शिट्टी वाजवली, एवढंच. हात इगतपुरीकडे केला, म्हणजे चेंडू त्यांचा. त्यांनी नियमाप्रमाणे चेंडूला पाय लावून खेळ सुरू केला, तिघींनी आपसात फिरवला आणि रेषेपलीकडे टेकवला. दहा-सात. सामना संपला.

पेठची मुलगी रडत माझ्याकडे आली. "ताई, तूच शिकवलंस ना, सोडायचं नाय?" मी तिला जवळ घेतलं, तर माझ्याच डोळ्यांना धार लागली. सर ताडताड चालत आले. म्हटलं, आता चार लोकांत माझा उद्धार होणार.

"धरून ठेवलं होतं तिने?"

"हो, सर."

"नक्की?"

"तुम्ही ओरडत होतात, तोवर."

सर प्रशिक्षकांच्या वहीत काय लिहिलंय ते बघायलाही थांबले नाहीत, सरळ स्कूटर काढून गेले. मी पास झाले होते. पुढच्या वर्षीची स्पर्धा नाशिकलाच, हे ऐकून इगतपुरीच्या मुलींनीही आमच्या मुलींना उचलून घेतलं. मला मात्र सर गेलेली दिशाच दिसत होती.

पुढच्या रविवारी मी धास्तावत मैदानावर गेले. मुलींचा सराव चालू होता. मी मुकाट्याने एका संघात शिरले आणि आठवडाभराचा सगळा जीव एका पकडीत ओतला. समोरची आडवी झाली. मी घोटा धरून होते.

शिट्टी वाजली. मी वळले ती भांडायच्याच तयारीने, सवयच ती. समोर सर उभे होते. बुटाच्या नाडीत ओवलेली जुनी शिट्टी ओठांत आणि माझं नियमांचं पुस्तक खिशात. ते मीच स्पर्धेच्या संध्याकाळी घाईत त्यांच्या मैदानावर विसरले होते. त्यांनी शिट्टी काढली आणि एवढ्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून कधीच न ऐकलेला शब्द मैदानभर घुमला.

"सोड!"

मी सोडलं.