सासऱ्यांच्या नावाची स्कॉलरशिप

आमच्यात माणूस गेला की त्याच्या नावाने बक्षीस ठेवायची हौस असते. सासरे गेले तेव्हा नवऱ्याने कॅनबेरातल्या आमच्या मराठी मंडळाला घसघशीत देणगी दिली आणि दरवर्षी बारावीत पहिल्या येणाऱ्या मंडळातल्या मुलाला किंवा मुलीला त्यांच्या स्मरणार्थ स्कॉलरशिप द्यायची असं ठरवून टाकलं. तेव्हा त्याची आयटीची काँट्रॅक्टं जोरात चालली होती. आपल्या घरातही एक मुलगी वाढते आहे आणि ती कधीतरी बारावीला बसणार, हे काही त्या हुशार माणसाच्या डोक्यात आलं नाही.

ती बसली त्या वर्षी मंडळात बारावीची मुलं दोनच. दुसरा मुलगा अध्यक्षांचा. तो इलेक्ट्रिशियनकडे अप्रेंटिस म्हणून लागला आणि मार्कांच्या भानगडीतच पडला नाही. आज तो आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कमावतो, पण ते जाऊ दे. थोडक्यात, आजोबांच्या नावाची स्कॉलरशिप नातीला मिळाली. संक्रांतीच्या कार्यक्रमात, आमच्या गुंगालिन उपनगरातल्या भर उन्हाळ्यात, पोरीच्या खांद्यांवर लोकरीची शाल, एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात तिच्याहून उंच पुठ्ठ्याचा चेक! नवऱ्याचे डोळे भरून आले. त्याचेच पैसे त्याच्याच मुलीला मिळताना बघून इतका गहिवरलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

पोरीला मेलबर्नच्या युनीत ॲडमिशन मिळाली होती आणि तिथल्या हॉस्टेलच्या खोलीसाठी बर्सरी, म्हणजे भाड्याला मदतही. ही मदत नसती तर खोली आम्हाला परवडलीच नसती, कारण नवऱ्याचं काँट्रॅक्ट संपलं होतं आणि नवीन मिळत नव्हतं. पण अट अशी, की दुसरी कुठलीही स्कॉलरशिप असेल तर ही बर्सरी बंद.

"आय हॅव टू टेल देम, आई," पोरगी म्हणाली. हिला इतकं खरं बोलायला आम्हीच शिकवलं, आता कुणाच्या नावाने खडे फोडणार?

नवऱ्याने युनीला फोन लावला, स्पीकरवर.

"सो, यू गेव्ह युअर ओन डॉटर अ स्कॉलरशिप?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"नो, नो. माय फादर गेव्ह."

"ओह, लव्हली! कॅन आय स्पीक टू हिम?"

"ही इज डेड."

"आय ॲम सो सॉरी. व्हेन डिड ही पास?"

"सिक्स इयर्स बॅक."

बाईंनी तारखा पुन्हा एकदा विचारून घेतल्या. शेवटी त्या बाईंनी मार्ग सांगितला: रक्कम परत करा, परत मिळाल्याचं मंडळाकडून लिहून आणा, खोली तुमची. "नो वरीज," असंही म्हणाल्या. त्यांनी आमचं मंडळ पाहिलं नव्हतं.

"वहिनी, परत कसं घेणार?" पुढच्या कार्यक्रमाला मंडळाच्या हॉलवर गाठलं तेव्हा खजिनदार म्हणाले. "आपल्या घटनेत देणगी घ्यायची तरतूद आहे. बक्षीस परत घ्यायची नाही. आणि स्मरणिकेत फोटोही छापून झालाय."

"फोटो ठेवा आणि पैसे घ्या!" मी ओरडले. माझा आवाज स्वयंपाकघरातल्या बायकांपर्यंत गेला आणि त्या पोळ्या सोडून बाहेर आल्या.

त्यातल्याच एका काकूंनी तोड काढली. पोरीने ती रक्कम मंडळाला देणगी म्हणून द्यावी, म्हणजे परतही होईल आणि घटनाही शाबूत राहील. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण देणगीदाराचा सत्कार करायचा, हीसुद्धा घटनेतच तरतूद. मग काय, पुन्हा शाल, पुन्हा नारळ आणि वर अध्यक्षांनी प्रेमाने दिलेलं पाकीट, आत एकशे एक डॉलर.

पोरीने माइकवरच विचारलं, "अंकल, इज धिस अ स्कॉलरशिप टू?"

हॉलभर हशा झाला. मी मात्र हसले नाही. स्टेजवर चढले, तिच्या हातातलं पाकीट घेतलं आणि खजिनदारांच्या शर्टाच्या खिशात कोंबलं. त्यांना ते देणगी म्हणून नोंदवायचं होतं, पण माझा चेहरा बघून त्यांनी विचार बदलला.

अध्यक्षांचं पत्र गेलं आणि चार दिवसांनी खोली पक्की झाल्याची ईमेल आली. नवरा ट्रॅम स्टॉपजवळच्या दुकानापर्यंत धावत जाऊन पेढे नाहीत म्हणून डोनट घेऊन आला. खोका उघडून ओट्यावर ठेवला, आणि तिथेच थांबला.

"म्हणजे ही आता खरंच जाणार," तो म्हणाला.

"बाबा, दॅट्स व्हॉट यू वर फायटिंग फॉर!"

"अगं, मी खोलीसाठी भांडत होतो. तू तिथे राहायला जाशील हे..." त्याने खोका पुन्हा बंद केला.

असा कसा हा माणूस, म्हणून हसायला मी तोंड उघडलं आणि मलाच रडू फुटलं.